बघणावळ

लग्न होऊन लातूरला आले तेव्हा माझ्याकडे स्थापत्य अभियांत्रिकीची पदविका होती आणि तिचं काय करायचं हे सासरी कुणालाच ठाऊक नव्हतं. मलाही फारसं नव्हतं. नांदेडला आमच्या वर्गात मोजक्या मुली होत्या, त्यातल्या बऱ्याचजणी बँकेत किंवा शाळेत चिकटल्या. सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात विचारलं, "तू भिंती बांधतीस का?" मी म्हणाले, बांधत नाही, बांधलेल्या नीट आहेत का ते बघते. त्यांनी भाजी निवडता निवडता बराच विचार केला आणि विचारलं, "मग बांधतं कोण?" मी गवंडी म्हणाले. हिला गवंड्यालाच दिली असती तर बरं झालं असतं, असं काहीतरी त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

मग भूकंप झाला. किल्लारीकडे जे घडलं ते ज्यांच्यावर गुदरलं त्यांनी सांगावं, मी त्यावर लिहिणार नाही. आमच्या लातुरात घरं बहुतेक उभी राहिली, पण माणसांचा घरावरचा विश्वास उडाला. लोक दिवसा घरात स्वयंपाक करायचे आणि अंधार पडायच्या आत गाद्या उचलून अंगणात, मैदानात, रस्त्याच्या कडेला जायचे. थंडी वाढली तरी आत जाईनात. आणि मग कुणाला तरी आठवलं की या गल्लीत एक सून आहे, ती भिंती बघते.

पहिलं बोलावणं मागच्या गल्लीतून आलं. मी टेप, टॉर्च, भिंतीचा तोल बघायचा ओळंबा आणि कपाटाची एक जाडजूड किल्ली घेऊन गेले. किल्ली भिंतीवर ठोकण्यासाठी. भरीव भिंत आणि आतून सुटलेली भिंत यांचा आवाज वेगळा येतो. सगळं घर हिंडले, माळ्यावर चढले, साडीला जळमटं लागली. घर चांगलं होतं. तसं सांगितल्यावर घरच्या म्हातारीनं माझ्या तोंडावरून हात फिरवला, पाट मांडला, मला कुंकू लावलं आणि ओटी भरली. तांदूळ, नारळ, ब्लाउजपीस. नवी सून पहिल्यांदा घरी आली, मोकळी कशी पाठवायची. मी पदरात नारळ घेऊन दारात उभी राहिले. पैशांचं कुणीच काही बोलेना. पदरात नारळ घेऊन माणूस पैसे कसे मागणार? मी तशीच घरी आले आणि सगळी संध्याकाळ भांडी आपटत राहिले. राग कुणावर होता ते मला अजून सांगता येत नाही.

"दळायची दळणावळ असते," सासूबाई म्हणाल्या, "शिवायची शिवणावळ असते. बघायची बघणावळ काही मी ऐकली नाही बाई." आणि मग हळूच, "लोक मुलगी बघायला जातात, ते काय पैसे मागतात का?"

नवऱ्याचं मत अगदी उलट. तो कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचा आणि नुकतीच समोरच्या खोलीत शिकवणी सुरू केली होती. फी हा विषय त्याच्यासाठी सोडवून झालेला होता. आगाऊ घ्यायची, पूर्ण घ्यायची, मुलगा नापास झाला तरी परत द्यायची नाही, आणि दर वर्षी थोडी वाढवायची म्हणजे लोकांना वाटतं मास्तर चांगला आहे. "तू पण आगाऊ घे," तो म्हणाला. मी विचारलं, कशावर घेऊ? तो म्हणाला, "म्हणजे?" मी म्हणाले, तू वर्षाचे घेतोस. मी कशाचे घेऊ? त्यानं शिकवणीच्या वह्या पुढे ओढल्या.

मी बरेच प्रकार करून पाहिले. आधी "काय द्यायचं ते द्या" असं म्हणायचे. त्यातून मला तूरडाळ, गूळ, एक भोपळा आणि कपाटाचा एक कप्पा भरेल एवढे ब्लाउजपीस मिळाले. मग खोलीमागे अमुक, असं ठरवलं. हे मला फार शास्त्रशुद्ध वाटलं होतं. झालं असं, की लोक खोल्यांना कुलपं लावायला लागले. "तिकडं काही नाही बाई, नुसती अडगळ हाय." एका घरी मला संशय आला म्हणून मी हट्टानं कुलूप काढायला लावलं, तर सगळ्या घरातली सर्वांत वाईट भिंत नेमकी त्याच खोलीत होती. माझे पैसे वाचवण्यासाठी त्यांनी जी खोली झाकली होती, तिच्याच बाहेरच्या अंगाला त्यांची मुलं झोपत होती. मी त्या गृहस्थांना असं काही बोलले की त्यांची बायको मध्ये पडली. तरी निघताना तिनं ओटी भरलीच.

लातूरजवळच मुरुडला एका शेतकरी कुटुंबाकडे गेले होते. मोठं घर, मोठा कुटुंबकबिला, गाडी पाठवून नेलं. पाहते तर सगळं घर आतून-बाहेरून पांढरंशुभ्र. नुकताच चुना मारलेला, कोपऱ्यात अजून ओल होती. मी विचारलं, हे कधी केलं? घरातले आजोबा कौतुकानं म्हणाले, "तुमी येनार म्हनून कालच मारून घेतला की." भेगा बघायला बोलावलेल्या बाईसाठी सगळ्या भेगा बुजवून ठेवल्या होत्या. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, मी काय पाहुणी आहे का? आजोबा खरोखरच गोंधळले. "मग कोण म्हनायचं तुमाला?" ते म्हणाले. सगळी दुपार मी खिळ्यानं चुना खरवडत बसले आणि घरातल्या बाया माझ्याकडे असं बघत होत्या, जणू मी त्यांची सणाची रांगोळी पुसत होते.

त्या दिवशी मी तिथली मागची भिंत उतरवायला सांगितली. कुणी वाद घातला नाही. जेवायला वाढलं, गाडीनं परत सोडलं. पण कुंकू लावलं नाही, ओटी भरली नाही, आणि पैशांचं नावही निघालं नाही. तेव्हा माझ्या लक्षात आलं की हे आधीही झालं होतं. घर चांगलं निघालं की ओटी, वाईट निघालं की नुसता चहा. यात कंजूषपणा नव्हता. वाईट सांगितल्याबद्दल काही द्यायचं म्हणजे वाईटाला आवतण देण्यासारखं त्यांना वाटत असावं. पण मग मी हिशेब मांडून पाहिला, आणि तो असा निघाला की या रीतीप्रमाणे मला पोट भरायचं तर लोकांची घरं चांगली निघायला हवी होती. हे मी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "माझं पण तसंच आहे, मुलं पास व्हायला हवीत." मी म्हणाले, तू मुलांना पास होण्यासाठी शिकवतोस, मी घराला शिकवू शकत नाही. तो हसला. मला हसू आलं नाही.

शेवटी मी एक ठराविक रक्कम ठरवली. घर लहान असो वा मोठं, चांगलं निघो वा वाईट, पैसे आधी सांगायचे आणि बघून झाल्यावर, तोंड उघडायच्या आधी घ्यायचे. हे मला बरोबर वाटलं, अजूनही वाटतं. पण ते ठरवल्यावर बोलावणी निम्म्यावर आली. लोकांची भीतीही तोवर ओसरत आली होती, आणि गुत्तेदार, म्हणजे बांधकामाचे ठेकेदार, फुकट घर बघून द्यायला लागले होते. त्यांचा बघण्याचा खर्च बांधण्यातून निघायचा. मी बांधत नव्हते, मला फुकट बघणं परवडणार कसं?

आता मास्टरबद्दल सांगायला हवं. मास्टर म्हणजे आमचा शिंपी. जुन्या गावात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेलं मुसलमान घराणं, पुढे दुकान, मागे घर. माझ्या ओटीतले सगळे ब्लाउजपीस त्यांच्याकडे जायचे. माझं माप त्यांना पाठ होतं. "भूकंपानं कुनाचं भलं केलं असंल तर तुमच्या बलाउजचं, बाई," असं म्हणून ते मिशीत हसायचे. मी म्हणायचे, मास्टर, हे ब्लाउज नाहीत, ही माझी फी आहे. मग ते कापड बोटात चुरगळून बघायचे आणि म्हणायचे, "ही फीस धुतल्यावर आकसनार."

वर्षं गेली. नवऱ्याची शिकवणी समोरच्या खोलीतून निघून एका मजल्यावर, मग एका इमारतीत गेली. सगळ्या लातुराचंच तसं झालं होतं. जून उजाडला की बस स्टँडवर ट्रंका, वळकट्या आणि भांबावलेले आईबाप. नांदेडहून, बिलोलीहून, धर्माबादहून, कुठून कुठून मुलं डॉक्टर-इंजिनिअर व्हायला यायची, आणि ज्याच्याकडे छप्पर होतं तो खोल्या भाड्यानं द्यायला लागला. भूकंपानंतर घराबाहेर झोपणाऱ्या त्याच माणसांनी आता जुन्या भिंतींवर मजले चढवायला घेतले होते. मला यातलं काही समजत नव्हतं. भीती कुठे जाते?

मास्टरचं घरही त्यातच आलं. रेडिमेडनं शिलाईचा धंदा बसवला होता. दुकानात आता मुख्यतः विद्यार्थी यायचे, विकत घेतलेल्या पँटी आखूड करून घ्यायला. त्यातून तेल-मिठाचं भागायचं, पण मुलीचं लग्न ठरलं होतं आणि भाभीची, म्हणजे मास्टरच्या बायकोची, तब्येत नरम होती. शेजारी बियाण्याचे व्यापारी राहायचे. दोन्ही घरं जुनी, एकाच गवंड्याच्या हातची, मधली भिंत जवळपास एकच. व्यापाऱ्यांनी गुत्तेदार बोलावून वर दोन मजले काढायला घेतले होते. तोच गुत्तेदार मास्टरकडेही डोकावून गेला, भिंतीवर थाप मारली आणि म्हणाला, दोन मजले आरामात. पैसे काहीच घेतले नाहीत. बांधकामाचे पैसेही भाडं सुरू झाल्यावर हप्त्यानं द्या, म्हणाला.

"गुत्तेदार हाव म्हनतोय, चढवा म्हनतोय," मास्टर मला म्हणाले, "पर तुमी एकदा बघा. फीस किती?" मी रक्कम सांगितली. त्यांनी मान डोलावली, घासाघीस केली नाही. मला वाटतं तसं विचारणारं आणि तसं ऐकून घेणारं ते माझं पहिलंच गिऱ्हाईक.

ठरलेल्या दिवशी गेले तर दुकान बंद आणि आतल्या खोलीत पाट मांडलेला. पाटावर बसायला मी, आणि समोर ताट घेऊन व्यापाऱ्यांची बायको. ताटात हळद, कुंकू, तांदूळ, नारळ, आणि घडी घातलेला जांभळा ब्लाउजपीस. भाभी दाराशी पदर सावरून उभी. मला काहीच कळेना. मी व्यापाऱ्यांच्या बायकोला विचारलं, हे काय? ती म्हणाली, "भाभींनीच बोलावलं मला. म्हणाल्या, आमच्यात ही रीत नाही, तुम्ही करून द्या." भाभीनं ऐकलं होतं की बाई घर बघतात तेव्हा ओटी भरतात आणि मग घर चांगलं निघतं. तिला ते घर बघण्याच्या पद्धतीतलंच एक काम वाटलं होतं, जसं डॉक्टर आधी नाडी बघतो. आपल्या घरात कशात कसूर राहू नये म्हणून तिनं नारळ आणला, मास्टरच्या दुकानातलं सगळ्यात चांगलं कापड काढलं आणि शेजारणीला हात जोडले.

"बराबर है ना, बाई? कुछ रह गया?" भाभीनं विचारलं.

मी काय बोलणार होते? काही नाही राहिलं, म्हणाले, आणि पाटावर बसले. माझी ओटी भरली गेली. तोवर मी एकही भिंत पाहिली नव्हती.

मग किल्ली काढली आणि सुरुवात केली. दगड-मातीच्या जाड भिंती, वर भूकंपानंतर टाकलेला पत्रा. मधल्या भिंतीला पोट सुटलं होतं; किल्ली ठोकली की आतून पोकळ आवाज यायचा. दगडाचे आतले आणि बाहेरचे थर एकमेकांपासून सुटले होते. मी दोनदा, तीनदा ठोकून पाहिलं. दुसऱ्या बाजूनं ठोकलं. भाभी प्रत्येक ठोक्याला माझ्याकडे बघत होती. ओळंबा सोडला. पदरातला नारळ कमरेला बोचत होता, आणि मला त्या नारळाचा इतका संताप आला की तो काढून मी खिडकीत ठेवला.

"मास्टर," मी म्हणाले, "पत्रा पेलेल. स्लॅब नाही पेलणार. वर काढायचं असेल तर नवा पाया खणून कॉलम उभे करावे लागतील, घर जवळजवळ पाडूनच." त्यांनी त्याचा अंदाज विचारला. मी सांगितला. माणूस दुसऱ्याचं मोठं घर बघून हसतो, तसे ते हसले.

भाभी आत गेली. मास्टर मशीनच्या चाकावर हात ठेवून बसले. "शेजारी तर काढून राहिले," ते म्हणाले. मी म्हणाले, त्यांनी मला विचारलं नाही. मग त्यांनी खिशातून पैसे काढले. मी हात मागे घेतला. ज्या घराची मी नुकतीच आशा मोडली तिथून, वर ओटी भरून घेतलेली असताना, आणखी पैसे? मी म्हणाले, राहू द्या मास्टर, मला नकोत. मला खरंच नको होते, आणि मला वाटलं होतं की त्यांना बरं वाटेल.

ते चिडले. मास्टर चिडलेले मी पहिल्यांदाच पाहिले. "घ्या बाई," ते म्हणाले. "हाव म्हननारा एक फुकट येऊन गेला. तुमचं न्हाई बी फुकट घेतलं, तर मी कुनाचं ऐकू? दोन्ही एकाच भावाचे झाले."

मी पैसे घेतले. इतकी वर्षं फी कशाची घ्यायची हे मला सापडत नव्हतं, आणि त्या क्षणी सापडल्यासारखं वाटलं. घरी पोहोचेपर्यंत पुन्हा हरवलं. कारण घरी येताना मी विचार केला की मास्टरनी माझं ऐकलं आणि माझं चुकलेलं असलं, तर? दगडी भिंती पुष्कळ काही सोसतात. आमच्या पुस्तकांत त्यांच्यावर फार थोडं लिहिलेलं होतं. गुत्तेदाराचं "आरामात" चुकलं तर ते दिसणार होतं. माझं "नाही" चुकलं तर ते कधीच कुणाला दिसणार नव्हतं, मलासुद्धा.

मास्टरनी वर काही काढलं नाही. शेजाऱ्यांचे दोन मजले झाले, वर टाकी बसली, गॅलऱ्यांत मुलांचे शर्ट वाळायला लागले. मुलीचं लग्न मास्टरनी कसं केलं ते मी विचारलं नाही. दुकानामागची अर्धी जागा त्या वर्षी विकली गेली एवढं मला दिसलं. मी ब्लाउज टाकायला गेले की ते आधीसारखेच बोलायचे. फक्त कधीकधी माप घेताना त्यांची नजर वर, त्या गॅलऱ्यांकडे जायची, आणि मग माझी. एकदा ते म्हणाले, "उभं हाय अजून." मी म्हणाले, हो. "चांगलं हाय की," ते म्हणाले. त्यात टोमणा होता का, ते मी अनेक दिवस घोळवत राहिले. मला ती इमारत पडायला नको होती, त्यात मुलं होती. पण ती जितकी वर्षं उभी राहत होती तितकी माझी फी खोटी ठरत होती. अशा वेळी माणसानं काय इच्छा करावी?

मग एका दुपारी पुन्हा हादरा बसला. लहानसाच, भांडी वाजली, पंखा हलला, संपलं. आमच्या भागात असे हादरे अधूनमधून होतात. पण ज्यांना जुना आठवत होता ते सगळे रस्त्यावर आले, आणि त्यांना बघून विद्यार्थीही. काही पडलं नाही. संध्याकाळपर्यंत लोक आपापल्या घरात गेलेसुद्धा.

दोन-चार दिवसांनी मास्टर माझ्याकडे आले. ते आमच्या घरी आजवर आले नव्हते. खुर्चीच्या कडेवर बसले, चहा नको म्हणाले आणि खिशातून पैसे काढून टेबलावर ठेवले.

"फीस वाढवली असंल तर सांगा," ते म्हणाले. "शेजारचं घर बघा."

मी म्हणाले, मास्टर, घर त्यांचं, तुम्ही कशाला पैसे देता?

"त्यांना म्हनलो मी, बाईला दाखवा. ते म्हनले, आमाला गुत्तेदारानं फुकट सांगितलंय, बगायचं असंल तर बगू द्या, पर आमी खर्च करनार न्हाई. आन लिहून काही द्यायचं न्हाई." त्यांनी टेबलावरचे पैसे माझ्याकडे सरकवले. "पोरं पँटी आखूड करायला येतात. येकेकाचं माप पाठ हाय मला."

मी त्यांच्याकडे नीट पाहिलं. जो प्रश्न मी गिऱ्हाइकाला कधीच विचारला नव्हता तो मी त्यांना विचारला. म्हटलं, मास्टर, मी काय सांगावं असं तुम्हाला वाटतं? घर चांगलं आहे म्हटलं, तर पोरं सुखरूप, पण तुमचे दोन मजले उगाच गेले. वाईट आहे म्हटलं, तर तुम्ही बरोबर होतात, पण पोरं वर आहेत.

मास्टर टेबलावरच्या पैशांकडे बघत राहिले. "तेच तर कळंना झालंय, बाई," ते म्हणाले. "हादरा बसल्यापास्नं झोप न्हाई. म्हनून आलो."

मी पैसे उचलून पर्समध्ये ठेवले. या वेळी हात मागे घेतला नाही.

व्यापाऱ्यांच्या दारात त्यांची बायको कुंकवाचं ताट घेऊनच आली. मी म्हणाले, ताई, आधी भिंत. तिचा चेहरा पडला, पण मी पदर खोचूनच आत शिरले. मास्टर बाहेर पायरीवर बसले. जिन्याखालच्या खोलीत, मास्टरच्या घराला लागून असलेल्या मधल्या भिंतीपाशी मी पोहोचले आणि किल्ली काढायच्या आधीच थांबले. ओल्या चुन्याचा वास येत होता. सगळ्या घरात फक्त त्या एका भिंतीला, कमरेपासून छतापर्यंत, नवा चुना होता. मी अंगठा दाबला, तो पांढरा झाला.

"तुम्ही येणार म्हणून," व्यापारी मागून म्हणाले. त्यांना माझी नजर चुकवता आली नाही.

मी खिळा काढला. चुन्याखालची भेग वाकडी, ताजी, खालच्या टोकाला बोट जाईल एवढी होती आणि भिंत मास्टरच्या घरात होती त्याच्या दुप्पट फुगली होती. वरून मुलांच्या चालण्याचा आवाज येत होता. कुणीतरी मोठ्यानं सूत्रं पाठ करत होतं. मी आनंदले. हे लिहायला मला संकोच वाटत नाही, कारण तो आनंद झाला तेवढ्या वेळातच गेला आणि त्याच्या जागी भीती आली. मी व्यापाऱ्यांना एवढंच म्हणाले, मुलांना आत्ता खाली आणा.

त्यांनी वाद घातला नाही. ज्यानं स्वतःच्या हातानं भेग बुजवली होती त्याला ती माझ्याइतकीच माहीत होती.

मी बाहेर आले. मास्टर उठले. मी पांढरा झालेला अंगठा पदराला पुसला. त्यांच्या चेहऱ्यावर काय आलं ते मला वाचता आलं नाही. मला वाटतं आपल्या मनात काय चाललंय ते त्यांनाही कळलं नसावं.

मुलं वळकट्या, पुस्तकं, बादल्या घेऊन जिन्यानं उतरायला लागली. काही त्याच संध्याकाळच्या बसनं गावी गेली. काहींची परीक्षा तोंडावर होती, ती जाऊ शकत नव्हती, आणि भर मोसमात लातुरात रिकामी खोली कुठे मिळणार? ती वळकट्यांवर बसून राहिली. भाभीनं आपलं दार उघडलं आणि दुकानातली कापडाची गाठोडी बाजूला सारायला लागली. आधी मी तिला मधल्या भिंतीपासून लांब, पुढच्या अंगाला जागा करायला लावली. मग मुलं एकेक करून आत शिरली, पत्र्याखाली, मशीनच्या आजूबाजूला.

मास्टर उंबऱ्यावर उभे राहून बघत होते. एवढी वर्षं ज्यांच्यासाठी मजले काढायचे होते ती मुलं त्यांच्या घरात आली होती. एका मुलाच्या बापाचा नांदेडहून फोन आला. मुलानं तो मास्टरकडे दिला. पलीकडून तो माणूस खोलीचं भाडं विचारत होता, कारण त्याला ते आगाऊ पाठवायचं होतं. मास्टरनी फोन हातानं झाकला आणि माझ्याकडे वळले.

"बाई," ते हळू आवाजात म्हणाले, "यांच्याकडनं किती घेऊ?"

'काय देतील ते घ्या' हे माझ्या ओठांवर आलं होतं, ते मी गिळलं. मग ठराविक रक्कम सांगावी असं मनात आलं, पण कशाची? एका पत्र्याची, दोन रात्रींची, की वरून खाली आल्याची? नवरा असता तर त्यानं चटकन आकडा सांगितला असता. फोनमधून तो बाप हॅलो, हॅलो म्हणत होता.

"मला नाही माहीत, मास्टर," मी म्हणाले.

त्यांनी फोनकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मला वाटलं," ते म्हणाले, "तुमाला तरी ठाऊक असंल."